एके-४७ कॉपी आहे का? आधी काडतूस बघा, मग बंदूक

प्रश्न थोडक्यात असा आहे: एके-४७ ही जर्मनांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या एसटीजी-४४ रायफलची कॉपी आहे का, रशियन बंदुका चिखलात-बर्फात सुद्धा चालतात त्यामागे नेमकं काय आहे, आणि त्यांच्याकडे बघावं तिकडे ७.६२ हाच आकडा का दिसतो. मी सैन्यात ईएमईला (यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणारी शाखा) आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस, नोकरीतली बरीच वर्षं माझ्या बाकावर एके आणि ड्रॅगुनोव्ह रायफलीच असायच्या, त्यामुळे उत्तर जरा लांबेल पण नीट सांगतो.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. रशियन हत्यार समजून घ्यायचं असेल तर बंदुकीकडे नंतर बघा, आधी तिचं काडतूस हातात घ्या. रशियन पायदळाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चार काडतुसांत बसतो: १८९१ चं ७.६२ बाय ५४ (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा कवचाची लांबी, मिलिमीटरमध्ये), पिस्तूल आणि स्टेनगनसारख्या हत्यारांचं ७.६२ बाय २५, १९४३ चं ७.६२ बाय ३९ आणि १९७४ चं ५.४५ बाय ३९. बंदुका बनवणाऱ्यांची नावं आपण पाठ करतो, मोसिन, देगत्यारोव्ह, श्पागिन, कलाश्निकोव्ह, पण या माणसांनी जे काही केलं ते समोर ठेवलेल्या काडतुसाला धरूनच केलं.

७.६२ चं आधी सांगून टाकतो. झारच्या काळात रशियात मापाला 'लाईन' म्हणायचे, इंचाचा दहावा भाग म्हणजे एक लाईन. तीन लाईन म्हणजे ०.३ इंच म्हणजे ७.६२ मिलिमीटर. म्हणून मोसिनच्या रायफलचं रशियन नाव 'त्र्योखलिनेइका', तीन लाईनवाली. एकदा तीन लाईनच्या नळ्या कातायची मशिनरी बसली की पुढचं सगळं त्याच मापात करणं कारखान्याला सोपं पडतं, नगांत रिव्हॉल्वर तीन लाईन, टोकारेव्ह पिस्तूल तीन लाईन, स्टेनगनचा प्रकारही तीन लाईनच. दुसऱ्या महायुद्धात तर मोसिनच्या नळ्या कापून पीपीएसएच या स्टेनगनच्या नळ्या केल्या गेल्या. पण आकडा एक म्हणून काडतूस एक असं अजिबात नाही हां. आपल्या सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलचं ७.६२ बाय ५१, एकेचं ७.६२ बाय ३९ आणि ड्रॅगुनोव्हचं ७.६२ बाय ५४, तिन्ही वेगळी, एकाचं दुसरीत चालत नाही. नवीन मुलं इथेच हमखास गोंधळतात.

आता मोसिन. १८७७ मध्ये प्लेव्हनाला तुर्कांनी रशियन पायदळाची भयंकर हानी केली, तुर्कांच्या हातात पीबॉडी-मार्टिनी आणि जवळ आल्यावर धडाधड उडणाऱ्या विंचेस्टर होत्या, रशियनांच्या हातात एकेक गोळी भरायच्या रायफली. त्या मारानंतर मॅगझिनवाल्या रायफलचा शोध सुरू झाला. स्पर्धेत शेवटी दोघं उरले, रशियातल्या 'तुला' या शहरातल्या बंदूक कारखान्याचा कॅप्टन सेर्गेई मोसिन आणि बेल्जियमचा लिऑन नगांत. रायफल मुख्यत्वे मोसिनची, काही गोष्टी नगांतच्या. नगांतला २ लाख रूबल मिळाले, मोसिनला ३० हजार, आणि झारने मंजुरी देताना रायफलला कुणाचंच नाव दिलं नाही, नुसतं 'तीन लाईन रायफल, मॉडेल १८९१'. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर नाव नसण्याचं दुःख काय असतं ते कारागिरालाच कळतं, मला मोसिनबद्दल कायम वाईट वाटत आलंय. आज जग तिला मोसिन-नगांत म्हणतं, तेही नाव नंतर बाहेरच्यांनी दिलेलं.

या रायफलचं काडतूस मात्र नीट बघण्यासारखं आहे. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आम्ही तिला रिम म्हणतो. १८९० च्या सुमारास ही कड वरदान होती, कारण काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या पोकळीत, किती खोल जाऊन थांबणार हे ती कडच ठरवते, मग चेंबरचं आतलं माप थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. जुन्या मशिनरीवर लाखांनी रायफली काढायच्या असतील तर यासारखं सुख नाही. पण मॅगझिनमध्ये तीच कड वैरी होते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की संपलं, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर मागून बंद करणारा दांडा, कितीही ढकला, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. मोसिनने त्यासाठी मॅगझिनच्या बाजूला एक पातळ पत्तीसारखा तुकडा दिला, तो दुसऱ्या काडतुसाला खाली दाबून धरतो आणि बोल्ट पूर्ण बंद झाला की मगच त्याला वर सोडतो. इतका साधा भाग, पण सगळ्या रायफलची अक्कल त्यात आहे. आणि या कडेशी पुढे रशियाच्या प्रत्येक डिझायनरला झुंजावं लागलं, अजूनही लागतंय, कारण हे काडतूस आजही त्यांच्या सैन्यात चालू आहे.

बदललं का नाही असं विचाराल. बदलायचा विचार झाला, पण प्रत्येक वेळी युद्ध नाहीतर क्रांती मध्ये आली. पहिल्या महायुद्धात रशियाकडे रायफलीच पुरत नव्हत्या, पुढचा पडला की त्याची रायफल उचलायची म्हणून रिकाम्या हाताने उभे राहिलेले शिपाई होते. अमेरिकेत रेमिंग्टनला आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसला ऑर्डरी दिल्या, जपानकडून अरिसाका रायफली घेतल्या. त्या जपानी ६.५ मिलिमीटर काडतुसावर व्लादिमिर फ्योदोरोव्ह या माणसाने एक ऑटोमॅटिक रायफल केली, २५ गोळ्यांचं वाकडं मॅगझिन, खांद्यावरून ऑटो फायर करता येईल अशी. १९१६ च्या शेवटी एक कंपनी ती घेऊन रुमानियाच्या आघाडीवर गेली. पुढे कोव्रोव्ह शहरातल्या कारखान्यात १९२५ पर्यंत तीनेक हजार झाल्या आणि काम थांबलं. माझ्या मते असॉल्ट रायफलची कल्पना खरी इथून सुरू होते, आणि लोक याला विसरतात. त्याच कोव्रोव्हमध्ये फ्योदोरोव्हच्या हाताखाली देगत्यारोव्ह तयार झाला, श्पागिन तयार झाला. एकेचं मूळ शोधायचं तर जर्मनीत जायच्या आधी कोव्रोव्हला जावं लागतं.

देगत्यारोव्हने १९२७ मध्ये एलएमजी, म्हणजे हलकी मशिनगन केली, डीपी. तिच्या डोक्यावर थाळी असते, ४७ गोळ्यांची. लोक तिला ग्रामोफोनची तबकडी म्हणून हसतात, पण ती थाळी त्या कडेवरचाच उपाय आहे. गोळ्या गोल लावायच्या, टोकं मध्याकडे आणि बुडं बाहेर, म्हणजे कडा एकमेकींत अडकायचा प्रश्नच मिटला. चूक वेगळीच होती, रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे ढकलणारी) नळीच्या खाली ठेवली होती, सलग फायर केलं की तापून तिचा दम जायचा. १९४४ मध्ये ती मागे नेली. मॅक्झिम मशिनगन तेव्हा चाकांच्या सोकोलोव्ह गाड्यावर होती, गाड्यासकट साठ किलोच्या वर. १९४१ पासून तिच्या पाण्याच्या टाकीला मोठं झाकण दिलं, जेणेकरून पाणी नसेल तर बर्फ कोंबता यावा.

मग आलं फिनलंडचं युद्ध, १९३९-४०. फिन सैनिक सुओमी स्टेनगन घेऊन जंगलातून यायचे आणि सोव्हिएत तुकड्या कापून काढायचे. सोव्हिएतांकडे देगत्यारोव्हची पीपीडी होती, पण ती कातकामाची, महाग, वेळखाऊ, आणि संख्येने फार थोडी. तेव्हा श्पागिनने पत्रा दाबून आणि वेल्डिंग करून पीपीएसएच-४१ काढली. पीपीडीला मशीनवर साधारण १४ तास लागायचे, हिला साडेसातच्या आत. युद्ध संपेपर्यंत पन्नास लाखांच्या वर झाल्या. तिचा ७१ गोळ्यांचा ड्रम चित्रांत सगळीकडे दिसतो, पण आर्मररला विचाराल तर तो ड्रम डोकेदुखी होता, प्रत्येक ड्रम त्या-त्या बंदुकीला घासून बसवावा लागायचा, याचा तिला बसेलच असं नाही. म्हणून १९४२ पासून ३५ गोळ्यांचं साधं मॅगझिन दिलं. नळीला आतून क्रोम मात्र तेव्हापासून, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि अलेक्सेई सुदायेव्ह. हे नाव फार थोड्यांना माहीत असतं. लेनिनग्राडला वेढा पडलेला, शहरात उपासमार, पोलाद नाही, मशिनरी नाही, अशात त्याच शहरातल्या कारखान्यात याची स्टेनगन तयार व्हायला लागली, नंतर तिचंच सुधारलेलं रूप पीपीएस-४३. मशीनवरचं काम २.७ तास आणि धातू पीपीएसएचच्या निम्म्याहून कमी. घडीचा दस्ता, पत्र्याचं सगळं, आणि तरी दुसऱ्या महायुद्धातल्या सगळ्यात चांगल्या स्टेनगनांपैकी एक. हा माणूस १९४६ मध्ये ३३ व्या वर्षी आजाराने गेला. जगला असता तर आज आपण कदाचित 'कलाश्निकोव्ह' हा शब्द वापरतच नसतो, असं मी अगदी गंभीरपणे म्हणतो.

कारण १९४३ मध्ये नवीन काडतूस आलं. जर्मनांची नवीन रायफल, मधल्या ताकदीच्या छोट्या काडतुसाची, जिची पुढे एसटीजी-४४ झाली, ती रशियनांच्या हाती लागली होती, शिवाय अमेरिकन कार्बाइनही बघायला मिळाली होती. जुलै १९४३ मध्ये मॉस्कोत बैठक झाली आणि ठरलं की आपणही मधलं काडतूस करायचं, रायफलच्या काडतुसापेक्षा लहान, पिस्तुलाच्या काडतुसापेक्षा दमदार, चारशे मीटरपर्यंत कामाचं. तेच पुढे ७.६२ बाय ३९ झालं. म्हणजे कल्पनेला धक्का जर्मनांमुळे बसला हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. या काडतुसावर आधी सुदायेव्हची एएस-४४ रायफल आली, चांगली होती पण जड होती, ती हलकी करायच्या आतच तो गेला. सिमोनोव्हची एसकेएस रायफल आली, देगत्यारोव्हची पट्ट्यावर चालणारी आरपीडी मशिनगन आली.

मिखाइल कलाश्निकोव्ह हा अल्ताईतल्या कुर्या गावचा, १९१९ चा जन्म, रणगाड्यावरचा सार्जंट, ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्र्यान्स्कजवळ जखमी झाला. नव्या काडतुसाच्या रायफलसाठी १९४६ ला स्पर्धा झाली, तिच्यात त्याची पहिली रायफल काही खास ठरली नव्हती. मग १९४७ मध्ये कोव्रोव्हला अलेक्सांद्र झाइत्सेव्हबरोबर बसून त्याने ती जवळजवळ नव्याने मांडली. बोल्ट कॅरियर (बोल्टला पुढेमागे नेणारा भाग) आणि गॅस पिस्टन (गोळीच्या गॅसने मागे ढकलला जाणारा दांडा) एक तुकडा केला, वरून अख्खं झाकण दिलं, सेफ्टी आणि फायरचा खटका एकच केला. स्पर्धेतल्या दुसऱ्या डिझायनरच्या, बुल्किनच्या, रायफलमधल्या काही चांगल्या गोष्टीही घेतल्या, ते तिथे चालायचं, स्पर्धेत जे चांगलं दिसेल ते उचला असाच रिवाज होता. १९४९ मध्ये सैन्याने ती स्वीकारली.

तर कॉपी का? मी दोन्हींचा बोल्ट कसा बंद होतो ते सांगतो, तुम्हीच ठरवा. एसटीजीचा बोल्ट मागून खाली झुकतो आणि अडकतो. एकेचा बोल्ट गोल फिरतो आणि त्याचे दोन कान पुढे खोबणीत जाऊन बसतात, हे अमेरिकन गॅरंडच्या जवळ जातं. एसटीजी खोलताना खालचा भाग बिजागरीवर लटकतो, एकेचं वरचं झाकण निघतं. ट्रिगरची रचना वेगळी. बाहेरून सारखं दिसतं ते वाकडं मॅगझिन आणि नळीवरची गॅस ट्यूब. एसटीजीचा डिझायनर ह्यूगो श्मायसर १९४६ ते १९५२ रशियात, बंदूक कारखान्यांच्या इझेव्हस्क शहरात होता हे खरं आहे, त्यावरून सगळं कथानक रचलं जातं, पण रायफल कोव्रोव्हला ठरली आणि १९४८ ला बनवायला इझेव्हस्कला आली. कल्पना शेजाऱ्याकडून आली, यंत्र घरचं.

आता दणकटपणा, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. लोक म्हणतात एके ढिली बनवलेली असते म्हणून चालते. हे अर्धवट आहे. बोल्ट कॅरियर आणि बॉडी यांच्यात मुद्दाम जागा सोडलीय, हात लावून हलवलं तर खडखडतं, तिथे वाळू आली तरी बाजूला सरकते. पण बोल्टचे कान आणि खोबणी यांचं माप अजिबात ढिलं नाही. म्हणूनच प्रत्येक रायफलच्या बोल्टवर, कॅरियरवर नंबर असतो. एकदा इन्स्पेक्शनला एका कंपनीच्या रायफली माझ्याकडे आल्या, गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावला तर तीन रायफली एकापाठोपाठ एक फेल. नळ्या ठीक, काही तुटलेलं नाही. शेवटी नंबर वाचत बसलो तेव्हा उलगडलं, पोरांनी साफसफाईला एकाच ताडपत्रीवर सगळ्या रायफली खोलल्या होत्या आणि जोडताना बोल्ट इकडचे तिकडे गेले होते. बोल्ट जिथल्या तिथे बसवले, तिन्ही पास. जी रायफल ढिली म्हणून प्रसिद्ध आहे तिचा बोल्ट बदलला की गेज तिला नापास करतो, हे बघितल्यावर माझा तिच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

दुसरं कारण परत काडतूसच. ७.६२ बाय ३९ चं कवच सरळ नळीसारखं नाही, बुडाकडून तोंडाकडे चांगलंच निमुळतं आहे. निमुळती वस्तू घट्ट भोकातून एक केसभर मागे सरकली की सगळीकडून सुटते, पाचर ढिली होते तशी. त्यामुळे चेंबर तापलेलं, घाण झालेलं असलं तरी खोका, म्हणजे रिकामं कवच, सुटून येतो. मॅगझिन केळीसारखं वाकडं आहे तेही त्यामुळेच, निमुळती काडतुसं एकावर एक ठेवली की रांग आपोआप वळते. तिसरं, कॅरियर जड आणि बोल्ट हलका, कॅरियर आधी मोकळा पळत वेग घेतो आणि मग बोल्टला फिरवतो, त्या धक्क्यात छोटीमोठी अडचण निघून जाते. चौथं म्हणजे नळीला आणि चेंबरला क्रोम, मघाशी म्हणालो ते. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत मिठासारखा थर राहायचा आणि रात्रीत गंज चढायचा, क्रोम नसतं तर अर्ध्या नळ्या कधीच बाद झाल्या असत्या.

आणि एके अडकतच नाही हे खोटं आहे. सेफ्टीचा खटका खाली असताना बाजूची फट उघडी राहते, तिथून चिखल आत गेला तर ती पण बसते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी मात्र मॅगझिनच्या निघाल्या, ओठ वाकलेले, पोटाला पोचा पडलेला. रायफल कोरी करकरीत असते आणि दोष त्या पत्र्याच्या डब्यात असतो.

पत्र्यावरून आठवलं, पहिल्या एकेंची बॉडी पत्र्याचीच होती, पण तेव्हा दाबकाम जमेना, खराब माल फार निघायला लागला. म्हणून काही वर्षं अख्ख्या पोलादाच्या ठोकळ्यातून बॉडी कोरून काढली, सुंदर पण वेळखाऊ काम. १९५९ मध्ये एक मिलिमीटर पत्रा आणि रिव्हेट यांवर परत आले, तीच एकेएम. जगात जिला सरसकट एके-४७ म्हणतात ती बहुतेक वेळा एकेएम किंवा तिची भावंडं असतात.

साठच्या दशकात मागची कामं उरकली. कलाश्निकोव्हचीच पीके मशिनगन १९६१ ला आली, तिच्यात एकेचा बोल्ट कॅरियर उलटा करून बसवलाय असं समजा. पण काडतूस तेच १८९१ चं, कडेचं, म्हणून पट्ट्यातून सरळ पुढे ढकलता येत नाही. दोन नख्या कड पकडून काडतूस मागे ओढतात, खाली घेतात, मग बोल्ट पुढे ढकलतो. एवढी कसरत असून पीकेएम साडेसात किलोची, आपली एमएजी मशिनगन अकरा किलोच्या वर. डोंगरावर वाहून नेणाऱ्याला साडेतीन किलो म्हणजे काय हे सांगायला नको. १९६३ ची ड्रॅगुनोव्ह एसव्हीडी दिसते एकेसारखी पण आतून वेगळी, पिस्टन छोटा आणि सुटा, बॉडी कोरलेली. आपल्याकडे ती तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनली. तिचं दहा गोळ्यांचं मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस असं बसवा की त्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहील, कड कडेवर चढते का ते बोटालाच कळतं. दुर्बिणीत एक वक्र रेघ असते, १.७ मीटर उंचीचा माणूस तिच्यात कुठे बसतो त्यावरून अंतर वाचायचं. ती खास स्नायपरची नाही, प्लाटूनमधल्या चांगल्या नेमबाजाची रायफल आहे, तिला तेवढ्याच अपेक्षेने बघा.

व्हिएतनाममध्ये अमेरिकन छोट्या गोळीचा परिणाम बघून सोव्हिएतांनी ५.४५ घेतलं, १९७४ ची एके-७४. काडतूस १६ ग्रॅमवरून साडेदहावर आलं, म्हणजे तेवढ्याच वजनात दीडपट गोळ्या, आणि नळीच्या तोंडावर लावलेल्या ब्रेकमुळे झटका अगदी कमी. नंतर निकोनोव्हची एएन-९४ आली, पहिल्या दोन गोळ्या मिनिटाला १८०० च्या वेगाने, त्यासाठी आत दोरी आणि कप्पी. कागदावर थक्क करणारी, पण शिपायाने रात्री थंडीत खोलून जोडायची वस्तू नव्हे, ती सगळ्या सैन्याला मिळालीच नाही. पुढे २०१८ ला परत एकेच्याच घराण्यातली एके-१२ घेतली.

आपला संबंध सांगायचा तर श्रीलंकेत १९८७ ते ९० मध्ये आपले जवान लांबलचक एसएलआर घेऊन झाडीत फिरत होते आणि समोरच्याच्या हातात एके, तिथून हिची निकड सगळ्यांना पटली. काश्मीरमध्ये तर ती रोजची झाली. आता अमेठी जिल्ह्यात कोरवाला एके-२०३ बनते, २०२१ च्या करारात सहा लाखांच्या वर रायफली ठरल्या. तिच्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वरचं झाकण. जुन्या एकेचं झाकण हलायचं, त्यावर दुर्बीण बसवली तर नेम टिकायचा नाही, म्हणून बाजूला वेगळी पट्टी लावावी लागायची. आता झाकण घट्ट बसतं आणि त्यावरच रेल, म्हणजे दुर्बीण बसवायची पट्टी आहे. चेंबर मात्र त्याच १९४३ च्या निमुळत्या काडतुसाचं. कधी संधी मिळाली तर एक रिकामा खोका मागून घ्या, सपाट टेबलावर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ जात नाही, गोल वळतो, आणि मॅगझिन वाकडं का ते लगेच दिसतं.